सोळा घागरींचा हौद

शंकरप्पाच्या एका कार्डाला मी साडेतीन महिने उत्तर दिले नाही. उत्तर न दिलेली पत्रे माझ्याकडे तशी पुष्कळ निघतील. लिहायला बसलो की माझाच मजकूर मला खोटा वाटू लागतो आणि मी तो उद्यावर टाकतो. पण या कार्डाची गोष्ट तशी नव्हती. त्याचे उत्तर मला पाठ होते.

कार्ड आले १९३४ सालच्या माघात. शंकरप्पा हा दुधनीचा आडतदार, माझा शाळेपासूनचा सोबती. दोन वर्षांपूर्वी त्याचे गुडघे धरले आणि त्याचे सोलापूरला येणे थांबले, तेव्हापासून आमचे बोलणे कार्डांवरच चालायचे. व्यापाऱ्याच्या घाईच्या मोडीत त्याने लिहिले होते: "धाकट्या जावयाने मुंबईहून दोन परदेशी मासे आणले आहेत. बंदरातला एक जर्मन इंजिनिअर मायदेशी जाताना देऊन गेला. तोंडाने दगडाला चिकटून बसतात. नाव प्लेकोस्टोमस, असे कागदावर लिहून आणले आहे. त्यांच्यासाठी हौद बांधायचा आहे. किती घागरींचा बांधावा आणि आत काय घालावे, ते उलट टपाली कळव. तुझे उत्तर येईपर्यंत गवंड्याला थांबवून ठेवतो."

मी ते नाव वाचले आणि कार्ड उलटे करून मांडीवर ठेवले.

हे नाव दुधनीच्या आडतदाराच्या हाताने लिहिलेले पाहणे मला सहन झाले नाही. का, ते सांगतो. एकतीस वर्षे मी इथल्या एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तके देण्याघेण्याचे काम केले. एका गिरणीचे साहेब विलायतेला परत गेले तेव्हा त्यांची जुनी इंग्रजी मासिके वाचनालयाला मिळाली. त्यांतल्या एका अंकात या माशावर नऊ पानांचा लेख होता, चित्रासकट. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा मासा. अंगावर चिलखतासारखे कवच, तोंड खालच्या बाजूला, दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारा. ते मासिक कुणी नेत नसे. मीच ते बारा वर्षांत इतक्या वेळा उघडले की ती नऊ पाने सुटी झाली. हौदाची मापे, पाण्याची तऱ्हा, खाणे, सगळे मी वहीत उतरवून ठेवले होते. तो मासा आपल्याला कधी दिसेल असे मात्र मनात आणले नव्हते.

आपल्याकडचे दगडाला चिकटणारे लहान मासे मी घरामागच्या दगडी डोणीत कैक वर्षे पाळत होतो. वळसंगचा बिरप्पा मेंढरे घेऊन भीमेकाठी जाई, तो परतताना मडक्यातून दोनचार आणून देई. आमच्या लिंगायत घरात मासे म्हणजे चेष्टेचा विषय. "खायचे न्हाईत तर कशाला पोसता, काका?" असे गल्लीतली माणसे विचारत आणि मी हसून आत जाई. शंकरप्पा एकटाच चेष्टा करत नसे. त्याला माशातले काही कळत नव्हते, पण मी सांगू लागलो की तो ऐके. आणि आता, ज्याला कळत नाही त्याच्या ओसरीवर रॉकेलच्या डब्यातून तो मासा चालत आला होता, आणि ज्याने नऊ पाने झिजवली त्याला विचारले जात होते की घागरी किती.

त्या दिवशी मी उत्तर लिहायला घेतले. 'घागरी मोजू नकोस' एवढे लिहून फाडले, कारण ते उद्धट वाटले. दुसऱ्या कागदावर सविस्तर लिहिले आणि वाचताना मनात आले, तू हे सगळे वाचून सांगतोस, पाहिलेस कुठे? तेही फाडले. तिसऱ्या दिवशी मी स्वतःला समजावले की पूर्ण खात्री झाल्याशिवाय लिहिणे बरे नव्हे. मी संकोची माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही. त्या संकोचामागे दुसरे काही बसले असेल अशी कुणाला शंका आली नाही. मला आली होती. मी तिकडे पाहिले नाही.

आठवड्याभराने मी एक वेगळेच काम काढले. मंगळवार पेठेतल्या येडू लोहाराकडे गेलो आणि चार फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी लोखंडी चौकट करायला सांगितली. एक कापडाचे दुकान मोडले होते, तिथल्या कपाटाच्या जाड काचा मिळाल्या. जवसाच्या तेलात खडू आणि शेंदूर कालवून येडूने लुकण केले आणि काचा बसवल्या. शेंदूर माशाला घातक, म्हणून सहा वेळा पाणी भरून ओतून दिले. एवढा हौद कशासाठी, असे येडूने विचारले तेव्हा मी म्हणालो, असाच.

तो हौद मी मधल्या खोलीत, सकाळचे ऊन तासभर येते त्या खिडकीखाली ठेवला. बिरप्पाकडून नदीतले गोल गोटे आणवले, उन्हात परातीत पाण्याखाली ठेवून त्यांच्यावर शेवाळ धरू दिले. आंब्याच्या मुळाचा एक जाड तुकडा महिनाभर भिजवून त्यातला सगळा तांबडा रंग काढला, कारण हा मासा लाकूडही खरवडतो असे लेखात होते. लपायला दोन अर्धगोल कौले पालथी घातली. दोन मासे म्हणजे दोन लपण्या, नाहीतर ते एकमेकांना टिकू देत नाहीत. वर झाकायला बारीक जाळीची चौकट केली. सगळे झाले. हौदात फक्त मासा नव्हता.

माझी सून सुंदरम्मा रोज तिथून ये-जा करायची. एकदा थांबून म्हणाली, "मामा, पाण्याला राखण बसलाय का?"

मी हसून गोटे सारखे करू लागलो. पण माझ्या मनात जे होते ते आता लिहून टाकतो. ते मासे मरावेत असे मला कधी वाटले नाही. ते शंकरप्पाकडे नीट राहू नयेत, एवढेच वाटत होते. नीट राहिले नाहीत की तो कंटाळेल, आणि कंटाळला की ते कुठे जातील? सबंध जिल्ह्यात त्यांच्या मापाचा हौद एकच होता. मी कार्डाचे उत्तर देत नव्हतो, कारण उत्तर दिले असते तर असे हौद दोन झाले असते.

दुधनीच्या बातम्या मला घरबसल्या मिळत. शंकरप्पाची बायको गौरम्मा ही सुंदरम्माची सख्खी आत्या. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप चालू असत. महिनाभर वाट पाहून शंकरप्पाने गवंड्याला हात लावू दिला, हे मला तसेच कळले. तीन बाजूंनी शहाबादी फरशी आणि पुढे काच. ओसरीवर, त्याच्या बैठकीशेजारी. एक हात लांब, एक हात रुंद, अडीच हात उंच. "सोळा घागरी पाणी मावतंय म्हणं," सुंदरम्मा कौतुकाने म्हणाली.

मी मनात हिशेब केला. माझ्या हौदात चौदाच मावत होत्या. पण हा मासा पाण्यात तरंगत नाही. तो तळाशी राहतो, तळावर चरतो, तळावरच भांडतो. त्याला जमीन लागते. शंकरप्पाने धान्याची कणगी उभी करावी तसा हौद उभा केला होता. कणगीत किती मावते हे तिच्या पोटावरून कळते, आणि व्यापाऱ्याची नजर तेवढेच पाहते. माझ्या हौदाचा तळ त्याच्या पावणेतीनपट होता. हे मला कळले तेव्हा बरे वाटले. वाईट वाटायला हवे होते, हे नंतर सुचले.

पुढे बातम्या वाढत गेल्या. मासे बघायला अक्कलकोटहून माणसे येतात. गौरम्माने माशांची नावे कल्लप्पा आणि कल्लव्वा ठेवली आहेत, कारण कन्नडमध्ये कल्लू म्हणजे दगड. कुणा अधिकाऱ्याच्या बायकोने येऊन चित्र काढले. दर सोमवारी बायका कणकेच्या गोळ्या घेऊन येतात आणि वरून सोडतात, तळ्यातल्या माशांना पुण्यासाठी सोडतात तशा. आणि गौरम्मा रोज पहाटे आंघोळ करून, सोळाच्या सोळा घागरी उपसून, फरशा आणि दगड राखेने नि काथ्याने घासून लख्ख करते. शेवाळाचा ठिपका राहू देत नाही. "आत्याचा हात म्हणजे काय, तुमी बघितलाय की. हौद देव्हाऱ्यागत दिसतोय," असे सुंदरम्माने सांगितले तेव्हा माझ्या हातातली सुपारी तशीच राहिली.

ती त्यांच्या तोंडचा घास रोज पहाटे घासून काढत होती. मला ते त्याच क्षणी कळले. वरून टाकलेली कणीक तळाशी जाऊन आंबते, तिला ते मासे तोंड लावत नाहीत, आणि दगडावरचे जे खायचे ते राखेने पुसले जाते. स्वच्छ हौदात, भक्तीने, ते उपाशी मरणार होते. एका कार्डाचे काम होते. मी सुपारी तोंडात टाकली आणि वाचायला घेतले. काय वाचले ते आठवत नाही.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढचा महिनाभर मी ते कार्ड लिहिले नाही. मला राग कसला येत होता, ते नीट सांगता येत नाही. चित्र काढणाऱ्या बाईचा आला. अक्कलकोटच्या माणसांचा आला. माझ्या डोणीतले मासे बघायला पन्नास वर्षांत एक माणूस आला नव्हता.

वैशाखात बातमी आली की कल्लव्वा मेली. मी दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या गाडीने दुधनीला गेलो. समाचाराला गेलो असे सुंदरम्माला वाटले. मी उरलेला एक पाहायला गेलो होतो.

ओसरीवर पाचसहा माणसे बसलेली होती. शंकरप्पा मधोमध, लोडाला टेकून, पाय लांब करून. मला पाहताच त्याचा चेहरा असा उजळला की मला मागे फिरावेसे वाटले.

"ये की रे चन्या. लई दिवसानं," असे म्हणून त्याने शेजारच्याला सरकवले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "ह्यो आमचा चनमल्लप्पा. माशातलं याला जेवढं कळतंय तेवढं मुंबईच्या सायबाला कळत नसंल."

मी खाली पाहिले. नातेपुत्याकडून गुरे घेऊन आलेला एक व्यापारी काचेला नाक लावून बसला होता. तो म्हणाला, "मासा हाय का घोरपड हाय ही?" सगळे हसले. शंकरप्पाही हसला.

मग मी पाहिले. काचेच्या खालच्या कोपऱ्यात तो चिकटलेला होता. वीतभर लांब, काळपट तपकिरी, पाठीवर उभा पंख शिडासारखा, आणि अंगावर खवल्यांच्या जागी हाडांच्या पट्ट्या, रांगेने, चित्रात होत्या अगदी तशा. तोंडाची गोल चकती काचेवर दाबलेली दिसत होती. ती चकती हलत होती. लख्ख पुसलेल्या काचेवर तो खरवडत होता आणि काही मिळत नव्हते. पोट आत गेलेले. डोळे खोल.

बारा वर्षांनी मी तो पाहत होतो, आणि मला पहिली गोष्ट वाटली ती ही, की हा माझा असायला हवा होता.

माणसे पांगल्यावर शंकरप्पाने आवाज खाली आणला. "तुला कार्ड टाकलं होतं माघात. मिळालं न्हाई का?"

"नाही," मी म्हणालो.

"मला वाटलंच," तो म्हणाला. "टपालाचं काय खरं न्हाई. मी हिला म्हणालो, चन्या खात्री केल्याबिगर लिहित न्हाई, पुस्तकं बघत आसंल. पण तीन महिने म्हणजे काय तरी घोटाळा हाय." मग हौदाकडे बोट करून म्हणाला, "सांग आता. सोळा घागरी कमी पडल्या का?"

काय चुकले ते दोन वाक्यांत सांगता आले असते. घासणे थांबवा. दुधी भोपळ्याची फोड दगडाला बांधून तळाशी सोडा. तेवढ्यावर तो आठ दिवस निभला असता. शब्द माझ्या तोंडाशी आले होते. पण शंकरप्पा पुढे बोलत होता.

"मी आठ दिवस बघतो. न्हाई सुधारला तर तुझ्याकडं पाठवतो, जावई सोलापूरला यायचा हाय त्याच्याबरोबर. माझ्या हातनं दुसरा मरायला नको रे. दिवसभर मी हितं बसलेला असतो. त्याच्याकडं बघत वेळ जातोय."

मी म्हणालो, "विचार करून कळवतो."

फक्त गप्प बसायचे होते. आठ दिवस गप्प बसणे मला काही कठीण नव्हते, मी आयुष्यभर तेच करत आलो होतो.

जेवायला गौरम्माने बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि ताक वाढले. ती फार बोलणारी बाई नाही. वाढता वाढता म्हणाली, "अण्णा, सुंदरानं सांगितलं, तुमी घरी हौद केलाय म्हणून. काचंचा. चार फुटी."

मी भाकरीचा तुकडा चटणीत बुडवत राहिलो.

"तीन महिन्यांपासनं करताय म्हणं. मी यांना सांगितलं न्हाई. म्हटलं, तुमचा हौद दारात आला की गुडघ्याच्या दुखण्यात यांना अचानक बरं वाटंल." तिने ताकाचे भांडे जवळ सरकवले. "लवकर पाठवा. याचं काय खरं दिसत न्हाई."

मी तिच्या तोंडाकडे पाहिले. तिला खरेच असे वाटत होते, की सगळे ओळखून ती मला वाट काढून देत होती, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही कळलेले नाही. मी ताक प्यायलो आणि दुपारच्या गाडीने निघालो.

घरी आलो तर सुंदरम्मा दारातच होती. माझे दोन्ही हात मोकळे पाहून म्हणाली, "मासा न्हाई आणला?" म्हणजे तिने ओळखलेले होते.

पहिले चार दिवस मी हौदाची तयारी करत काढले. पाणी बदलले. ऊन फार झाले होते म्हणून चारी बाजूंनी ओले पोते लावायची सोय केली. गोट्यांवरचे शेवाळ दाट हिरवे झाले होते, त्यांची मांडणी तीन वेळा बदलली. खिडकीकडच्या कौलाखाली तो राहील, लाकूड उजवीकडे हवे, म्हणजे कौलातून तोंड बाहेर काढले की समोर लाकूड. मी समोर बसून ते पाहू लागलो. हे पाहणे मी तीन महिने रोज करत होतो. डोळे मिटले की तो कौलाखालून येई, लाकडावर चढे, खरवडू लागे.

पाचव्या दिवशी सकाळी असाच बसलो असताना माझ्या एक लक्षात आले. त्या चित्रात मी एकटा नव्हतो. रोज, अगदी पहिल्या दिवसापासून, माझ्या शेजारी शंकरप्पा बसलेला असे. मासा लाकडावर चढला की मी त्याच्याकडे वळून म्हणे, बघितलंस, त्याला जमीन लागते. आणि तो म्हणे, तुझंच बरोबर होतं चन्या. ते ऐकण्यासाठी हा सगळा खटाटोप होता. आणि शंकरप्पा त्या जागी कधी येणार नव्हता. त्याला ओसरीवरून परसात जायला दोन माणसे लागत.

मी उठून खोलीत एक फेरी मारली. मग आणखी एक गोष्ट मनात आली, ती जास्त साधी होती. आठ दिवसांतले पाच गेले होते आणि तिकडे गौरम्मा रोज पहाटे काच पुसत होती. तो माझ्याकडे पोचेल की न पोचेल, हे मला ठाऊक नव्हते. मी ठाऊक असल्याचा बहाणा करत होतो.

मला चांगुलपणाचा झटका आला असे कुणी समजू नये. मला तो मासा हवाच होता. येडूला बोलावून हौद उचलायला सांगताना माझा आवाज असा काही निघाला की त्याने दोनदा विचारले, नक्की का. मी म्हणालो, नक्की. मग पुन्हा म्हणालो, जरा थांब. तो पायरीवर बसून विडी ओढू लागला. पाऊण तासाने मी बाहेर येऊन म्हणालो, उचल.

हौद रिकामा करून आम्ही तो कडब्यात बांधला. गोटे ओल्या पोत्यात घातले, शेवाळ वाळू नये म्हणून. लाकूड आणि कौले वेगळी. सुंदरम्मा कडबा आणून देत होती. एकदा म्हणाली, "मामा, डोणीतलं तुमचं मासं हायेत की." मी हो म्हणालो.

मग पत्र लिहायला बसलो. या वेळी एकही कागद फाडला नाही, जरी पहिली ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

"प्रिय शंकरप्पा, तुझे माघातले कार्ड मला माघातच मिळाले होते. टपालखात्याचा काही दोष नाही. तुझ्या ओसरीवर मी खोटे बोललो. तुझ्याकडे तो मासा आला आणि माझ्याकडे आला नाही, हे मला बघवले नाही, म्हणून मी उत्तर दिले नाही. कल्लव्वा त्यामुळे गेली. गौरम्माचा त्यात काही दोष नाही, हे तिला वाचून दाखव.

"आजपासून हौद घासू नका. फरशांवर, दगडांवर, काचेवर हिरवे धरेल ते धरू दे, तेच त्याचे अन्न आहे. तुला दिसण्यापुरती पुढची काच हवी तर मधोमध पुसावी. कणीक बंद. सोमवारच्या बायकांना सांग की दुधी भोपळ्याची, काकडीची नाहीतर दोडक्याची फोड आणा, पुण्य तेवढेच. फोड दगडाला दोऱ्याने बांधून दिवेलागणीला तळाशी सोडावी, कारण तो अंधार पडल्यावर खातो. सकाळी उरलेली काढून टाकावी, नाहीतर पाणी बिघडते. पाणी सगळे एकदम उपसू नये. आठवड्यातून एकदा तिसरा हिस्सा काढून, आदल्या दिवशी भरून ठेवलेले विहिरीचे पाणी घालावे.

"तू घागरी विचारल्या होत्यास. घागरी विचारू नयेत. हा तळावरचा मासा आहे, त्याला लांबी आणि रुंदी लागते. आज वीतभर आहे, पुढे हातभर होईल. त्याला अंग वळवता येईल एवढी रुंदी हवी, निदान दीड फूट, आणि हिंडायला चार फूट लांबी. उंची सव्वा फूट पुरे. पाणी उथळ आणि पसरट असले की वरून हवाही जास्त लागते, आणि आपल्या उन्हाळ्यात ती फार गरजेची. म्हणून तुझ्या सोळा घागरींपेक्षा या हौदाच्या चौदा त्याला जास्त आहेत. हौद मालगाडीने पाठवत आहे, पावती सोबत आहे. तो ओसरीवर खाली, जमिनीलगत ठेव, बैठकीवरून तुला वरून सगळा तळ दिसेल. गोटे आले तसेच, न धुता घालावेत. लाकूड उजवीकडे, कौले डावीकडे. दुसरे कौल काढू नकोस. जावई दुसरा मासा आणू शकला तर त्याला लागेल. वरची जाळी कधी उघडी ठेवू नये, तो उडी मारतो. चारी बाजूंना ओले पोते, आषाढापर्यंत.

"हे सगळे मी वाचलेले आहे, पाहिलेले नाही. चुकले तर कळव. तो काय काय करतो तेही कळव. लाकडावर चढतो का, ते मुद्दाम पाहा.

"तुझा, चनमल्लप्पा."

वाचून पाहिले. 'बघवले नाही' या शब्दांपाशी थांबलो. त्याजागी 'वाईट वाटले' असे घालावे असे मनात आले. घातले नाही.

मी आणि येडू टांग्याने स्टेशनवर गेलो. हौद चढवायला चार हमाल लागले. त्यातल्या एकाने काचेवर टकटक करून विचारले, आत काय हाय? काही नाही, असे येडूने सांगितले. वजन करून पावती मिळाली, ती मी पाकिटात घातली आणि पाकीट जिभेने ओले करून बंद केले. पेटीत टाकले तर उद्या निघेल म्हणून दुधनीवरून रायचूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत थांबलो. टपालाचा डबा माझ्यापासून बराच पुढे उभा राहिला. मी म्हातारा माणूस, घाईने चालत गेलो. डब्याच्या अंगाला पत्र टाकायची फट असते, तिच्यापाशी उभा राहिलो तेव्हा मनात आले, गप्प बसायचे अजून तीनच दिवस राहिलेत.

गार्डने शिट्टी दिली. मी पाकीट आत सोडले.